पाच गोल, सहा बाण

‘प्रोसेस स्टेट डायग्राम काढून स्पष्ट करा’ हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आला की मुलांना हायसे वाटते. मी मुक्ताईनगरला कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. माझ्या वर्गात कुऱ्ह्याची, अंतुर्लीची, चांगदेवची मुले-मुली असतात. त्यातली बरीचशी बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात आणि बीसीए किंवा बीएस्सीला आल्यावर सगळा विषय एकदम इंग्रजीत अंगावर येतो. अशा वेळी आकृती हा त्यांना मोठा आधार वाटतो. न्यू, रेडी, रनिंग, वेटिंग, टर्मिनेटेड असे पाच गोल काढायचे, मधे बाण मारायचे आणि खाली दोन-दोन ओळी लिहायच्या. पाठ करून हे सहज जमते.

पण उत्तरपत्रिका तपासताना मला एक गोष्ट सतत दिसते. गोल बरोबर असतात, त्यांची नावेही बरोबर असतात, पण बाण मात्र कसेही जातात. कुणी वेटिंगमधून थेट रनिंगला बाण नेतो. कुणी वेळ संपलेल्या प्रोसेसला वेटिंगमध्ये बसवतो. कुणाचे बाण बरोबर असतात, पण एकावरही कारण लिहिलेले नसते. म्हणून मी वर्गात पहिल्याच तासाला सांगतो की या धड्यात गोल दुय्यम आहेत, धडा बाणांचा आहे. प्रत्येक बाणापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: हा बदल कोणी घडवला? त्याचे उत्तर आले की आकृती पाठ करावीच लागत नाही.

मुळात अशी आकृती लागते कशाला, हे आधी पाहू. डिस्कवर ठेवलेला प्रोग्रॅम म्हणजे नुसती फाइल. तो मेमरीत येऊन कामाला लागला की त्याची प्रोसेस होते. प्रोसेसर अतिशय वेगवान असतो. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला 300 कोटी ठोके घेतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून माहितीचा एखादा तुकडा आणायला मात्र साधारण दहा मिलिसेकंद लागू शकतात. आपल्याला ते कळतही नाहीत, पण तेवढ्यात प्रोसेसरचे तीन कोटी ठोके होऊन जातात. डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रोसेसला प्रोसेसर धरून बसू दिले, तर हे तीन कोटी ठोके वाया जातील.

हे दुखणे जुने आहे. 1964 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला. तेव्हा प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर असत. यंत्रे अतोनात महाग होती. त्यामुळे कार्ड वाचणाऱ्या किंवा कागद छापणाऱ्या सावकाश उपकरणासाठी महागडा प्रोसेसर रिकामा बसणे कुणालाच परवडत नव्हते. त्याच दशकात जगभर मल्टिप्रोग्रॅमिंगची पद्धत रुजली. मेमरीत एकाच वेळी अनेक कामे ठेवायची आणि एक अडले की दुसरे पुढे घ्यायचे. असे करायचे म्हटले की कोणते काम चालू आहे, कोणते तयार आहे आणि कोणते अडले आहे, याची नोंद ठेवावीच लागते. ती नोंद म्हणजेच स्टेट. प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक, तिची स्टेट, पुढची सूचना कुठली, रजिस्टरमधल्या किमती, मेमरीचा हिशेब हे सगळे प्रोसेस कंट्रोल ब्लॉकमध्ये, म्हणजे पीसीबीमध्ये, लिहिलेले असते. एका प्रोसेसकडून प्रोसेसर काढून दुसरीला देताना पहिलीची ही माहिती जपून ठेवायची आणि दुसरीची परत भरायची, याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात.

आता बाणांकडे येऊ. पाठ्यपुस्तकी आकृतीत ते सहा आहेत.

न्यू ते रेडी हा पहिला. प्रोसेस तयार झाली, ऑपरेटिंग सिस्टिमने तिला आत घेतले. हे काम लाँग टर्म शेड्युलरचे.

रेडी ते रनिंग हा दुसरा. तयार प्रोसेसमधून एक निवडून तिला प्रोसेसर दिला. निवड शॉर्ट टर्म शेड्युलरची, प्रत्यक्ष हवाली करणारा डिस्पॅचर.

रनिंग ते रेडी हा तिसरा. प्रोसेसचे काही अडलेले नाही, ती अजून चालू शकते, पण तिच्या वाट्याचा वेळ संपला किंवा जास्त महत्त्वाचे काम आले. टायमरचा इंटरप्ट येतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसर काढून घेते.

रनिंग ते वेटिंग हा चौथा. प्रोसेसने स्वतःच काही मागितले: फाइल वाचायची आहे, कीबोर्डवरून अक्षर हवे आहे, नेटवर्कवरून उत्तर यायचे आहे. ते मिळेपर्यंत तिला पुढे जाता येत नाही.

वेटिंग ते रेडी हा पाचवा. मागितलेले मिळाले. डिस्कने काम संपवून इंटरप्ट दिला आणि ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसला जागे केले.

रनिंग ते टर्मिनेटेड हा सहावा. काम संपले आणि प्रोसेसने एक्झिट म्हटले, किंवा तिने शून्याने भागण्यासारखे काही केले म्हणून ती बंद झाली.

आता कर्ते पाहा. पहिले तीन बाण ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातातले आहेत. चौथा प्रोसेसच्या स्वतःच्या मागणीने घडतो, पाचवा बाहेरच्या घटनेने. सहावा बहुधा प्रोसेसच्या स्वतःच्या कृतीने घडतो. तिसरा आणि चौथा यांत मुले हमखास घोळ करतात, कारण दोन्हींत प्रोसेसर हातचा जातो. फरक एवढाच, की तिसऱ्यात तो काढून घेतला जातो आणि चौथ्यात प्रोसेस आपणहून सोडते.

पाचवा बाण रेडीलाच का जातो, रनिंगला का नाही, हे समजावताना मी जून महिन्यातल्या बँकेचे उदाहरण देतो. आमच्याकडे खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेत गर्दी उसळते. रांगेत उभे राहून खिडकीशी पोचलेल्या शेतकऱ्याला साहेब म्हणतात, ‘सातबारा ताजा आणा.’ तो बाजूला होतो आणि खिडकी लगेच मागच्या माणसाला मिळते. उतारा हातात आल्यावर तो परत येतो, तेव्हा खिडकीवर दुसऱ्याचे काम चालू असते. उतारा मिळाला म्हणून खिडकी मिळत नाही, रांगेत उभे राहण्याचा हक्क मिळतो. वेटिंगमधून बाहेर पडलेल्या प्रोसेसचेही नेमके असेच असते. तिची अडचण सुटली, पण प्रोसेसर त्या क्षणी दुसऱ्याकडे आहे. म्हणून आधी रेडी, मग पाळी आली की रनिंग.

पाच गोलांमध्ये एकूण वीस बाण काढता येतील. त्यातले सहाच आकृतीत आहेत, उरलेले चौदा नाहीत. हे चौदा का नाहीत, हे सांगता आले म्हणजे धडा समजला. रेडीतून वेटिंगला बाण का नाही? कारण काही मागायचे तर ती मागणारी सूचना चालवावी लागते आणि त्यासाठी प्रोसेसर हवा. रेडीत असताना प्रोसेस काही मागूच शकत नाही. टर्मिनेटेडमधून एकही बाण बाहेर का जात नाही? कारण संपलेली प्रोसेस पुन्हा सुरू होत नाही. तोच प्रोग्रॅम परत चालवला तर नवी प्रोसेस जन्मते. काही पुस्तकांत रेडी आणि वेटिंगमधूनही टर्मिनेटेडला बाण दाखवतात, कारण पालक प्रोसेस किंवा वापरणारा माणूस मधेच तिला बंद करू शकतो. तसे लिहायचे असेल तर कारणासह लिहावे.

स्पर्धा परीक्षांत प्रश्न येतो तो इथेच. गेट परीक्षेत 2009 साली अशीच आकृती देऊन सहा बाणांना ए ते एफ अशी नावे दिली होती. प्रोसेसर एकच आणि रेडीत नेहमी काही प्रोसेस असतात, हे गृहीत धरायचे होते. त्यावर चार विधाने होती. पहिले विधान असे, की एखादी प्रोसेस डी बाणाने, म्हणजे रनिंगमधून टर्मिनेटेडला गेली, तर लगेच दुसरी प्रोसेस ए बाणाने, म्हणजे सुरुवातीपासून रेडीत येईल. हे चूक आहे. प्रोसेसर मोकळा झाला तर रेडीतली प्रोसेस रनिंगला जाईल, तो बाण बी. नवी प्रोसेस आत येणे ही वेगळी घटना आहे. दुसरे विधान असे, की एक प्रोसेस रनिंगमध्ये असताना दुसरी ब्लॉक्डमधून, म्हणजे वेटिंगमधून, रेडीला जाऊ शकते. हे बरोबर, कारण डिस्क आपले काम प्रोसेसरला न अडवता करते. तिसरे विधान पद्धत प्रीएम्प्टिव्ह असल्याचे आणि चौथे नॉन-प्रीएम्प्टिव्ह असल्याचे सांगत होते. आकृतीत रनिंगहून रेडीला बाण होता. चालत्या प्रोसेसकडून प्रोसेसर काढून घेता येतो याचा तो पुरावा, म्हणून प्रीएम्प्टिव्ह. दुसरे आणि तिसरे विधान खरे, हे उत्तर. ज्याने बाणांचे कर्ते समजून घेतले आहेत, त्याला हा प्रश्न मिनिटभराचा आहे.

आकडेमोडीचे प्रश्नही असेच सुटतात. एक प्रोसेसर आणि मेमरीत दहा प्रोसेस. रनिंगमध्ये जास्तीत जास्त किती? एक. ती एक चालू असेल तर रेडीत जास्तीत जास्त नऊ. वेटिंगमध्ये जास्तीत जास्त? दहाच्या दहा, कारण सगळ्याच एकाच वेळी कशाची तरी वाट पाहत असू शकतात.

कागदावर एवढे झाले की मी मुलांना लॅबमध्ये नेतो. तिथल्या जुन्या मशीनवर उबुंटू लिनक्स आहे. टर्मिनल उघडायचे आणि ‘पीएस’ ही आज्ञा ‘एल’ पर्याय जोडून द्यायची. बहुधा दोनच ओळी येतात. एक बॅशची, म्हणजे आपण आज्ञा लिहितो त्या शेलची, आणि दुसरी खुद्द पीएसची. ‘एस’ नावाच्या रकान्यात बॅशपुढे एस अक्षर असते, पीएसपुढे आर. एस म्हणजे झोपलेली, आर म्हणजे चालू किंवा चालायला तयार. मुलांना विचारतो, असे का? जरा विचार करून कुणीतरी सांगतेच: बॅशने पीएसला जन्म दिला आणि आता ती पीएसचे काम संपण्याची वाट पाहते आहे. यादी करायला पीएसला स्वतः चालावेच लागते, म्हणून ती आर. दोन ओळींत दोन स्टेट आणि त्यामागची कारणे डोळ्यांसमोर येतात.

मग एक हुशार शंका येते: लिनक्समध्ये रेडी कुठे गेली? लिनक्स रेडी आणि रनिंग दोन्हींना आर हेच अक्षर देते. फरक पाहायचा तर ‘येस’ नावाची, नुसती वाय छापत राहणारी आज्ञा दोनदा सुरू करायची, तिचे आउटपुट टाकून द्यायचे आणि ‘टास्कसेट’ वापरून दोन्हींना एकाच कोअरवर बांधायचे. ‘टॉप’मध्ये दोघींपुढे आर दिसतो, पण प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे पन्नास टक्के वेळ येतो. म्हणजे कोणत्याही क्षणी एक रनिंग, दुसरी रेडी, आणि टायमर त्यांची अदलाबदल करतो आहे. तिसरा बाण इथे आकड्यांत दिसतो. त्यातल्या एकीला स्टॉपचा सिग्नल पाठवला की तिचे अक्षर टी होते आणि दुसरीचा वाटा शंभरकडे जातो. कंटिन्यूचा सिग्नल दिला की पुन्हा निम्मे-निम्मे.

झोंबी प्रोसेसही अशीच दाखवता येते. सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहायचा. फोर्क करून मूल प्रोसेस तयार करायची, तिने लगेच एक्झिट करायचे आणि पालकाने तिची चौकशी न करता मिनिटभर झोपायचे. पीएसमध्ये मुलापुढे झेड अक्षर येते. तिचे काम संपले, मेमरी परत गेली, पण पालकाने ‘वेट’ करून निकाल घेतला नाही, म्हणून टेबलातली नोंद उरली आहे. किल नऊ दिले तरी ती जात नाही, कारण मारायला काही शिल्लकच नाही. पालक संपला की तिला पालक म्हणून बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस मिळते आणि ती नोंद साफ करते. झोंबी आणि अनाथ प्रोसेस यांतला फरक परीक्षेत विचारतात. अनाथ प्रोसेसमध्ये मूल जिवंत असते आणि पालक गेलेला असतो. झोंबीत मूल संपलेले असते आणि पालकाने दखल घेतलेली नसते.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे, त्यांना मी एक्सव्ही 6 दाखवतो. ही एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरची व्याख्याने इंटरनेटवर मोफत आहेत आणि त्यांतही एक्सव्ही 6 चा आधार घेतलेला आहे. एक्सव्ही 6 च्या इंटेल प्रोसेसरसाठीच्या आवृत्तीत प्रोसेसच्या सहा स्टेट एकाच ओळीत लिहिल्या आहेत: अनयूज्ड, एम्ब्रियो, स्लीपिंग, रनेबल, रनिंग, झोंबी. इथे प्रत्येक बाण म्हणजे कोडमधली एक साधी ओळ आहे. ‘स्लीप’ फंक्शन प्रोसेसची स्टेट स्लीपिंग, म्हणजे वेटिंग, करते. ‘यील्ड’ ती रनेबल, म्हणजे रेडी, करते. ‘शेड्युलर’ रनेबल शोधून तिला रनिंग करते. आणि ‘वेकअप’? ते स्लीपिंगवाल्या प्रोसेसला रनेबल करते, रनिंग नव्हे. वेटिंगमधून थेट रनिंगला बाण का नाही, या प्रश्नाचे उत्तर तिथे कोडमध्येच लिहिलेले आहे.

बाण नीट समजले नाहीत तर काय होते, याची साक्ष मंगळावर मिळाली. 4 जुलै 1997 रोजी नासाचे मार्स पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. हवामानाची माहिती गोळा करू लागल्यावर काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. तीन कामांची गाठ पडली होती. माहितीची देवाणघेवाण सांभाळणारे काम सर्वांत महत्त्वाचे, संपर्काचे काम मध्यम महत्त्वाचे आणि हवामानाच्या नोंदींचे काम सर्वांत कमी महत्त्वाचे. सामायिक साधनाचे कुलूप हवामानाच्या कामाने घेतलेले असे आणि ते कुलूप हवे म्हणून सर्वांत महत्त्वाचे काम वेटिंगमध्ये जाई. नेमक्या त्याच वेळी मध्यम काम जागे होई आणि हवामानाच्या कामाकडून प्रोसेसर काढून घेई. आता स्टेट पाहा: मध्यम रनिंगमध्ये, कमी महत्त्वाचे रेडीत, सर्वांत महत्त्वाचे वेटिंगमध्ये. वेटिंगमधून बाहेर पडायला कुलूप सुटणे भाग, कुलूप सुटायला कमी महत्त्वाच्या कामाला प्रोसेसर मिळणे भाग, आणि तो मध्यम कामाच्या हातात. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही हे पाहून राखणदार टायमर सगळी यंत्रणा नव्याने सुरू करी. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर हा प्रकार पुन्हा घडवून पाहिला आणि प्रायॉरिटी इन्हेरिटन्स सुरू करणारा बदल यानाला पाठवला. म्हणजे महत्त्वाचे काम ज्याच्यामुळे अडले आहे, त्याला तेवढ्यापुरते त्याच्याइतके महत्त्व द्यायचे. त्यानंतर हे रीसेट थांबले. प्राधान्य हे रेडीतून कोणाला उचलायचे ते ठरवते, वेटिंगमधल्याला सोडवू शकत नाही.

पुस्तकागणिक आकृती बदलते, त्याने गांगरू नये. सिल्बरशॅट्झ आणि गॅल्विन यांच्या पुस्तकात पाच गोल आहेत. आयआयटी मुंबईत शिकवलेले प्रा. धनंजय ढमढेरे यांचे पुस्तक रनिंग, ब्लॉक्ड, रेडी, टर्मिनेटेड या चार मूलभूत स्टेट मानते. स्टॉलिंग्ज यांच्या पुस्तकात सातांची आकृती आहे. तिच्यात सस्पेंडेड रेडी आणि सस्पेंडेड ब्लॉक्ड हे दोन वाढतात, कारण मेमरी अपुरी पडली की काही प्रोसेस डिस्कवर हलवाव्या लागतात. हे हलवणे मीडियम टर्म शेड्युलरचे. मॉरिस बाख यांच्या 1986 सालच्या युनिक्सवरच्या पुस्तकात नऊ स्टेट आहेत. वेटिंग आणि ब्लॉक्ड ही एकाच स्थितीची नावे. मूळ कणा मात्र सगळीकडे तोच: तयार, चालू, अडलेली.

परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे. आदल्या रात्री पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर पाच गोल काढा. सहा बाण मारा आणि प्रत्येक बाणावर दोन गोष्टी लिहा: बदल कशामुळे झाला आणि तो कोणी घडवला. मग जे बाण नाहीत त्यातले निदान तीन निवडून, ते का नाहीत हे स्वतःच्या भाषेत, मराठीत, मोठ्याने सांगा. ते सांगता आले तर इंग्रजी पेपरात लिहायला अडचण येणार नाही, कारण समजलेली गोष्ट कोणत्याही भाषेत लिहिता येते. आणि शिक्षकांना विनंती: आकृती फळ्यावर काढून थांबू नका, मुलांना एकदा तरी टर्मिनलसमोर बसवा. त्यासाठी महागडी लॅब लागत नाही. एक जुने मशीन, मोफत लिनक्स आणि एक तास पुरतो.